ओसरी कोणत्या रकान्यात? : इमारतींच्या संगणकीय वर्गीकरणाची चिकित्सा

पुण्या-साताऱ्याकडचा एखादा जुना वाडा रेव्हिट या सॉफ्टवेअरमध्ये उभा करायला घेतला, तर भिंती, खांब, तुळया, पायऱ्या इथपर्यंतचे काम फारसे अडत नाही. अडचण येते ती जागांना नावे देताना. परसाकडच्या पडवीत ‘खोली’ ठेवली की खोल्यांच्या तक्त्यात तिच्या क्षेत्रफळाचा आकडा येत नाही. त्या जागी ‘नॉट एन्क्लोज्ड’, म्हणजे ‘बंदिस्त नाही’, असा शेरा उमटतो. ओसरीत खोली ठेवली तर ती खांबांच्या रांगेपाशी थांबत नाही. खांबांमधून पाण्यासारखी पसरत जाऊन सगळा चौक व्यापते. मग चौकाला त्याचे स्वतःचे नाव द्यावे म्हणून तिथे दुसरी खोली ठेवली, तर एकाच बंदिस्त जागेत दोन खोल्या आहेत अशी सूचना येते आणि तक्त्यात तिच्यापुढे ‘रिडंडंट रूम’, म्हणजे ‘जादा खोली’, असे लिहिले जाते.

हे शेरे म्हणजे यंत्राचा बिघाड नव्हे. ज्या व्याख्येवर सॉफ्टवेअर चालते त्या व्याख्येप्रमाणे ते अगदी बरोबर आहेत. या व्याख्येत खोली म्हणजे भिंतींनी वेढलेली पोकळी, आणि एका पोकळीला एक नाव. ही व्याख्या कुठून आली, ती कोणत्या घरांना सोयीची आहे, तिच्यात काय मावत नाही आणि न मावणाऱ्या गोष्टींचे पुढे काय होते, हे प्रश्न आपल्याकडे बहुधा तंत्रज्ञांवर सोपवले जातात. खरे तर ते भाषेचे आणि संस्कृतीचेही प्रश्न आहेत, म्हणून इथे त्यांची तपासणी करायची आहे.

रेषेकडून वस्तूकडे

कागदावरचा नकाशा रेषांचा असतो. दोन समांतर रेषा म्हणजे भिंत, हे वाचणाऱ्याला ठाऊक असते. कागदाला ते ठाऊक नसते. १९८२ मध्ये आलेल्या ऑटोकॅडनेही मुळात रेषाच काढल्या, फक्त त्या वेगवेगळ्या थरांवर ठेवायची सोय केली. नकाशाऐवजी संगणकाने इमारतीचे वर्णनच साठवावे, ही कल्पना मात्र त्याआधीची आहे. अमेरिकेतील चार्ल्स ईस्टमन यांनी ती १९७५ मध्ये मांडली होती. पुढे बुडापेस्टमध्ये घडलेले आर्किकॅड आणि २००० साली बाजारात आलेले, दोन वर्षांनी ऑटोडेस्कने विकत घेतलेले रेव्हिट यांनी ती व्यवहारात आणली. या सॉफ्टवेअरमध्ये रेष नसते, वस्तू असते. भिंत काढली की सॉफ्टवेअरला कळते की ही भिंत आहे. तिची जाडी, तिचे थर, तिच्यातले दार, तिला लागणाऱ्या विटा, सगळे त्या एका वस्तूशी बांधलेले राहते. या पद्धतीला बीआयएम म्हणतात. नागपूर मेट्रोसारखी मोठी कामे आज याच पद्धतीने आखली जातात.

वस्तू म्हटली की ती कोणत्या जातीची हे सांगणे आले. रेष काढणाऱ्याला कागद विचारत नाही की हे काय आहे. बीआयएम मात्र हा प्रश्न पहिल्याच क्षणी विचारते, आणि उत्तर तयार यादीतून निवडावे लागते. रेव्हिटमध्ये वस्तूंचे नवनवे नमुने करण्याची पूर्ण मुभा आहे, पण ज्या मूळ वर्गांत ते नमुने बसवायचे ते वर्ग ठरलेले आहेत. वापरणाऱ्याला स्वतःचा नवा मूळ वर्ग निर्माण करता येत नाही. जे कुठेच बसत नाही त्यासाठी ‘जेनेरिक मॉडेल’ नावाचा एक सर्वसामान्य वर्ग आहे. आपल्या हिशेबाच्या वहीत ‘किरकोळ’ असतो तसा.

एका सॉफ्टवेअरमधली इमारत दुसऱ्याला समजावी म्हणून बिल्डिंगस्मार्ट या आंतरराष्ट्रीय संस्थेने आयएफसी ही सामाईक परिभाषा घडवली. २०१३ साली तिला आयएसओच्या १६७३९ क्रमांकाच्या मानकाचे रूप मिळाले. भिंत, लादी, दार, जिना, छप्पर यांना तिच्यात स्वतंत्र वर्ग आहेत. ज्याला वर्ग नाही त्याच्यासाठी ‘प्रॉक्सी’ आहे, म्हणजे बदली हजेरी लावणारा. शिवाय बहुतेक वर्गांच्या उपप्रकारांच्या यादीत शेवटी दोन पर्याय ठेवलेले असतात: ‘वापरणाऱ्याने ठरवलेले’ आणि ‘अनिश्चित’.

आत की बाहेर?

आयएफसीत जागांची उतरंड अशी: प्रकल्प, त्यात भूखंड, भूखंडात इमारत, इमारतीत मजला, मजल्यात जागा. जागेची व्याख्या तशी उदार आहे. जागा प्रत्यक्ष किंवा कल्पित सीमांनी वेढलेली चालते. पण तिच्या उपप्रकारांची यादी पाहिली की नजर कुठे आहे ते कळते. आतली जागा, बाहेरची जागा, एकूण बांधीव क्षेत्र, वाहनतळ, आणि अलीकडच्या आवृत्तीत जहाज लावायची जागा. मोटारीला आणि जहाजाला स्वतःचे नाव मिळाले. आत आणि बाहेर यांच्या मधल्या जागेला मिळाले नाही.

भिंतीचीही तीच गोष्ट. आयएफसीत भिंतीला जे सामाईक गुणधर्म लावतात त्यांत ‘बाहेरची आहे का’ असा एक प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर हो किंवा नाही एवढेच देता येते. या भेदाला मोठी परंपरा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वीडनमध्ये एसएफबी ही बांधकामाच्या वर्गीकरणाची पद्धत तयार झाली. ब्रिटनने ती सीआय-एसएफबी या नावाने उचलली. तिच्या तक्त्यात बाहेरच्या भिंतीला २१ आणि आतल्या भिंतीला २२ असे वेगळे क्रमांक होते. थंड प्रदेशात हा भेद जीवनमरणाचा आहे. बाहेरची भिंत ऊब धरून ठेवते, म्हणून तिच्यातून किती उष्णता निसटते हे आधी मोजावे लागते. तिथे घराची सीमा एकच आणि ठाम.

आता ओसरीमागची भिंत घ्या. ती सोपा किंवा माजघर आणि ओसरी यांच्यामधली. हवेच्या दृष्टीने ती बाहेरची. चौकातला वारा, पावसाचे तुषार, उन्हाची तिरीप तिच्यापर्यंत पोचते. घराच्या दृष्टीने ती आतली. वाड्याचा दिंडी दरवाजा लावला की ती घराच्या पोटात असते. ‘हो’ म्हटले तर सॉफ्टवेअर तिला रस्त्याकडच्या भिंतीच्या पंक्तीला बसवते, ‘नाही’ म्हटले तर दोन खोल्यांमधल्या पडभिंतीच्या. उन्हाळा तीव्र आणि पाऊस मुसळधार अशा मुलखात घराची सीमा एका भिंतीत नसते, ती अंगण, ओटा, पडवी, ओसरी, सोपा अशी पायरीपायरीने विरत जाते. हे विरणे हीच त्या घराची हवामानावरची युक्ती आहे, आणि तीच हो-नाहीच्या प्रश्नात हरवते.

यावर सॉफ्टवेअरने दिलेला उपाय म्हणजे ‘रूम सेपरेशन लाइन’. खांबांच्या रांगेत ही रेष ओढली की ओसरी आणि चौक वेगळे होतात, दोघांनाही आकडे मिळतात. या रेषेला जाडी नाही, वजन नाही, किंमत नाही. पण गंमत अशी की आपल्याकडे हे काम करणारे माप आधीपासून होते आणि ते कल्पित नव्हते. दोन खांबांमधला किंवा दोन तुळयांमधला गाळा म्हणजे खण. घर किती खणांचे, सोपा किती खणी, यावरून घराचा अंदाज बांधला जाई. तिथे जागा मोजायला भिंत लागत नसे, खांब पुरत. सॉफ्टवेअरमध्ये खांब हा भार वाहणारा घटक आहे आणि जागा ही भिंतीने घडवलेली पोकळी. खांब जागा घडवतो, ही कल्पना दोन्ही वर्गांच्या मधून निसटते.

दारातले दार, भिंतीतली वजाबाकी

जागांचे झाले तसेच घटकांचे. दिंडी म्हणजे मोठ्या दरवाजाच्या फळीत बसवलेले लहान दार. रेव्हिटमध्ये दाराला साधारणपणे यजमान म्हणून भिंत लागते. दाराला दार यजमान चालत नाही. वाट काढता येते. आत दुसरे दार गुंतवलेला एक खास नमुना तयार करायचा. पण मुद्दाम वेगळी काळजी घेतली नाही, तर दारांच्या तक्त्यात एकच दार मोजले जाते. वाड्याच्या व्यवहारात मात्र ती दोन दारे होती. एक सणावाराला, मेण्याला, घोड्याला. दुसरे रोजचे, वाकून आत शिरायचे.

कोनाड्याची गत आणखी विचार करायला लावणारी आहे. आयएफसीत तो भिंतीतून वजा केलेला आकार ठरतो. आरपार नसलेल्या अशा पोकळीसाठी ‘रिसेस’ हा उपप्रकार आहे. म्हणजे कोनाडा ही वस्तू नाही, भिंतीची उणीव आहे. आणि ही दृष्टी परदेशी सॉफ्टवेअरचीच आहे असे नाही. भारतीय मानकांपैकी आयएस १२०० मध्ये विटकामाचे मोजमाप करताना ०.१ चौरस मीटरपर्यंतच्या पोकळ्यांची वजावट करू नये असा नियम आहे. गवंड्याच्या हिशेबासाठी तो अगदी योग्य आहे. पण दिवा ठेवायचा फूटभर लांबी-रुंदीचा कोनाडा या नियमाखाली जवळपास अदृश्यच होतो. मोजमापाच्या वहीत तो भरीव भिंत असतो.

ओटा या शब्दाने तर दोन वर्गांची पंचाईत केली आहे. घरापुढचा ओटा आणि स्वयंपाकघरातला ओटा यांना मराठीत एकच नाव आहे. दोन्ही बांधून काढलेले, दगड बसवलेले चौथरे. रेव्हिटमध्ये स्वयंपाकघरातल्या ओट्याला सर्वांत जवळचा वर्ग ‘केसवर्क’, म्हणजे कारखान्यातून तयार होऊन येणाऱ्या कपाटांचा. आपला कडाप्प्याचा ओटा गवंडी जागेवर बांधतो. वर्ग निवडण्यातल्या या फरकाने काम गवंड्याच्या खात्यातून सुताराच्या खात्यात जाते, आणि खर्चाचा तक्ता वर्गावरून निघत असल्यामुळे अंदाजपत्रकही चुकते. तुळशीवृंदावनाचे काय करावे? झाड, फर्निचर, बाह्यपरिसर की किरकोळ? बहुधा ते किरकोळीत जाते. चौकाच्या मध्यावर जे आहे, ते तक्त्याच्या तळाशी.

माजघराची वेळ

‘जादा खोली’ हा शेरा मला सर्वांत बोलका वाटतो. एका जागेला एकच नाव, हे तत्त्व ज्या घरात जेवायची, झोपायची, बसायची खोली वेगवेगळी असते त्या घराचे आहे. माजघरात सकाळी धान्य निवडले जाई, दुपारी पंगत बसे, संध्याकाळी मुले पर्वचा म्हणत, रात्री अंथरुणे पडत. मुंबईच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली आजही हेच करते. अशा जागेचे नाव उपयोगावरून पडत नाही, ठिकाणावरून पडते: मधले घर, ते माजघर. ‘बेडरूम’ हा शब्द लिहिताच त्या जागेचे दिवसभराचे उरलेले तास पुसले जातात.

इथे वर्गीकरणशास्त्रावर सरसकट दोष ठेवणे मात्र अन्यायाचे होईल, कारण या शास्त्राने हा प्रश्न ओळखला होता. ओळखणाऱ्यांत अग्रणी होते मद्रासचे ग्रंथपाल शि. रा. रंगनाथन. त्यांची ‘कोलन’ वर्गीकरण पद्धत १९३३ साली प्रसिद्ध झाली. पुस्तकाला एका झाडाच्या एकाच फांदीवर टांगण्याऐवजी त्याचे वेगवेगळे पैलू स्वतंत्रपणे नोंदवावेत आणि ते जोडून त्याची ओळख घडवावी, हे तिचे मर्म. लंडनच्या एका दुकानात मेकॅनोचे सुटे भाग जोडून वेगवेगळी खेळणी होताना पाहून ही कल्पना सुचल्याचे ते सांगत. त्यांनी धरलेले मूलभूत पैलू पाच: व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश आणि काल. काल हा पैलू तिथे सुरुवातीपासून आहे.

१९५२ मध्ये ब्रिटनमध्ये स्थापन झालेल्या वर्गीकरण संशोधन गटावर रंगनाथन यांचा मोठा प्रभाव होता, आणि पैलूंनी वर्गीकरण करण्याची रीत पुढे बांधकामातही रुजली. ब्रिटनच्या युनिक्लासमध्ये जागांचा तक्ता वेगळा आणि त्यांत चालणाऱ्या क्रियांचा तक्ता वेगळा आहे. अमेरिकेच्या ऑम्निक्लासमध्ये जागांचे दोन तक्ते आहेत. तेरावा जागेच्या कार्यानुसार, चौदावा तिच्या रूपानुसार. आयएफसीतही एकाच वस्तूला एकाहून अधिक वर्गीकरणांचे क्रमांक जोडता येतात. म्हणजे माजघराला एक रूप आणि चार क्रिया देण्याची सोय मानकांत आहे. पण पडद्यावर काम करणाऱ्यापुढे नावाचा एकच रकाना ठळक असतो, घाई असते, आणि तक्ता त्या एका नावावरून निघतो. शास्त्राने ठेवलेले दार वहिवाटीने बंद होते.

रकाना आणि पैसा

एखादी गोष्ट कोणत्या वर्गात टाकली एवढ्याने कागदाबाहेर काय बिघडते, अशी शंका येऊ शकते. तिचे उत्तर मुंबईच्या इमारतींच्या दर्शनी बाजूवर लिहिलेले आहे. विकास नियंत्रण नियमावलीत फुलझाडांचे वाफे, सज्जे, पोकळ्या, शोभेचे कोनाडे चटईक्षेत्राच्या मोजणीतून वगळलेले होते. परिणाम असा की मजल्यामागून मजल्यांवर खिडकीबाहेर ‘फ्लॉवर बेड’ उगवले. नकाशात फुलांचा वाफा आणि प्रत्यक्षात ताबा मिळाल्यावर खोलीत सामील होणारी जमीन. जानेवारी २०१२ मध्ये नियम बदलले, या सगळ्या गोष्टी मोजणीत आल्या आणि त्यांच्या बदल्यात निवासी इमारतींना ३५ टक्के ‘फंजिबल’ चटईक्षेत्र देऊ केले गेले. त्यानंतर काढल्या गेलेल्या नकाशांत फुलांची हौस एकाएकी ओसरली. वर्गीकरण बदलताच वास्तुरचना बदलली.

रेरा कायद्यातली कार्पेट क्षेत्राची व्याख्या घ्या. २०१६ च्या या कायद्याने ग्राहकाची फसवणूक रोखली, हे निर्विवाद. पण तिचा तपशील पाहण्याजोगा आहे. कार्पेट क्षेत्र म्हणजे वापरण्याजोगे निव्वळ क्षेत्र. त्यातून बाहेरच्या भिंती, खासगी सज्जा किंवा व्हरांडा आणि खासगी उघडी गच्ची वगळली जाते, आणि आतल्या पडभिंतींखालची जागा धरली जाते. म्हणजे ज्या जागेवर पाय ठेवता येत नाही ती भिंतीखालची जागा वापरण्याजोगी, आणि जिथे माणूस संध्याकाळभर बसतो तो व्हरांडा हिशेबाबाहेर. जो भाव ठरवतो त्या आकड्यात जी जागा येत नाही ती बांधायला कोण उत्साही असेल? महापालिकांत आता नकाशे संगणकाकडून तपासून घेतले जातात. त्यासाठी प्रत्येक रेष ठरलेल्या नावाच्या थरावर असावी लागते. ज्याला थर नाही ते तपासणीला दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते हळूहळू काढलेही जात नाही.

वाड्याचा स्वतःचा तक्ता

इथवर वाचून कुणाला वाटेल की सॉफ्टवेअर कोते आणि वाडा उदार. तसे म्हणणे मला मान्य नाही. वाडा हाही वर्गीकरणाचाच एक कठोर तक्ता होता. फरक एवढाच की त्याच्या बऱ्याच सीमा भिंतींनी काढलेल्या नव्हत्या. ओसरीला भिंत लागत नव्हती, कारण कोण कुठवर येणार हे आधीच ठरलेले होते. पाहुणा ओसरीवर, कुळे आणि कारागीर पायरीखाली, बायका माजघरापलीकडे, सोवळ्यातले माणूस स्वयंपाकघरात, आणि ‘बाहेरची’ झालेली बाई घरात असून कोपऱ्यात. अस्पृश्य ठरवलेल्या माणसाला अंगणाच्या कडेशी थांबून वरून टाकलेले घ्यावे लागे. दलित आत्मकथनांनी या अंतराची नोंद पुरेशी स्पष्ट करून ठेवली आहे. खांबांच्या रांगेतली ती जाडी नसलेली रेष वाड्यात होतीच. ती संगणकाने ओढलेली नव्हती.

म्हणून ओसरीसाठी हळहळताना नेमके काय हरवते ते नीट सांगायला हवे. हवामानाची युक्ती हरवते, एका जागेचे अनेक उपयोग हरवतात, ही एक हानी. दुसरी हानी पुराव्याची. उद्या वाडा पडला आणि मागे केवळ संगणकातले प्रारूप उरले, तर त्यात ओसरी म्हणजे ‘जागा, बाहेरची, इतके चौरस मीटर’ एवढेच असेल. त्या घरातले सुख त्यातून कळणार नाही, आणि अन्यायही कळणार नाही. जात आणि सोवळे न ओळखणारा तक्ता नव्या इमारतीसाठी स्वागतार्ह आहे. जुन्या इमारतीच्या दस्तऐवजासाठी तो अपुरा आहे. या दोन कामांना एकच तक्ता वापरणे ही आपली चूक आहे, तक्त्याची नव्हे.

काय करता येईल

वर्ग हे दगडावरची रेघ नाहीत, हे आयएफसीच्याच इतिहासावरून दिसते. पूल, रस्ते, रेल्वे आणि बंदरे यांना तिच्यात जागा हवी होती. त्या क्षेत्रांतली माणसे चर्चेला बसली, आणि २०२४ मध्ये आयएसओ मानक म्हणून प्रसिद्ध झालेल्या ४.३ या आवृत्तीत ती आली. त्यासाठी ‘इमारतीचा घटक’ या मूळ वर्गाचे नावच बदलून ‘बांधलेला घटक’ करावे लागले. ज्यांनी मागणी केली आणि व्याख्या लिहून दिल्या, त्यांना रकाने मिळाले. जहाजाचा धक्का तसाच आला. ओसरीची व्याख्या कुणी लिहून दिली आहे?

डब्लिनमधील मॉरिस मर्फी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ऐतिहासिक इमारतींसाठी या पद्धतीचे एक रूप मांडले. त्यांनी तयार वर्गांवर समाधान न मानता जुन्या वास्तुग्रंथांतील आणि नमुनापुस्तकांतील वर्णनांवरून खांब, कमानी, खिडक्या यांचे नियमबद्ध नमुने घडवले, आणि प्रत्यक्ष मोजमापांवर ते बसवले. आपल्याकडे सुरूचा खांब, त्याखालचा तळखडा, तुळई, महिरप, दिंडी, खण यांचे तसे नमुने करणे हे वास्तुविद्येच्या विद्यार्थ्यांना आणि भाषेच्या अभ्यासकांना मिळून करता येण्याजोगे काम आहे. बिल्डिंगस्मार्टच्या सामाईक शब्दकोश-सेवेत संस्थांना स्वतःचे वर्ग आणि गुणधर्म निरनिराळ्या भाषांत प्रसिद्ध करता येतात. मराठी वास्तुशब्दांचा व्याख्यांसह कोश तिथे ठेवता येईल.

तोवरही हात बांधलेले नाहीत. ‘वापरणाऱ्याने ठरवलेले’ हा पर्याय निवडून त्यापुढे देवनागरीत ‘ओसरी’ लिहिता येते. तिला ‘किती बाजूंनी उघडी’, ‘किती खणांची’, ‘कोणत्या वेळी कशासाठी’, ‘कोणाला प्रवेश’ असे गुणधर्म जोडता येतात. काम वाढते, हे खरे. पण वाडे मोजणाऱ्या तुकड्या आज जे नोंदवतील तेच उद्या वाडा म्हणून उरणार आहे. पडवीच्या नावापुढे ‘बंदिस्त नाही’ हा शेरा आला, तर तो घाईघाईने रेष ओढून पुसण्याआधी वहीत उतरवून घ्यावा. त्या जागेचे ते बऱ्यापैकी अचूक वर्णन आहे.